सोबत जाणाऱ्याची तब्येत

मार्च महिना हा मुलांच्या परीक्षेचा तसाच आजी-आजोबांच्या परीक्षेचाही असतो. नातवंडाला पहाटे उठवायचे म्हणून आजी स्वतः साडेचारला उठते, नातू रात्री जागतो म्हणून आजोबाही पुस्तक घेऊन बसून राहतात. महिनाभरात दोघांची झोप मोडते, रक्तदाब वर जातो आणि शेवटचा पेपर झाला की दोघे माझ्या कैनाडच्या दवाखान्यात हजर होतात. त्यामागून फोन सुरू होतात ते प्रवासाचे. आई-बाबांना देवदर्शनाला न्यावे का, गाडी सोसेल का, कोणती औषधे बरोबर घ्यावीत, असे प्रश्न असतात.

यंदा दहावीची परीक्षा संपली त्या संध्याकाळी आलेला फोन मात्र उलट्या प्रकारचा होता. बोईसरला नोकरी करणारा एक मुलगा बोलत होता. ‘‘डॉक्टर, बाबांनी अर्नाळ्याला जायचे ठरवले आहे. दोघेच. गाडीने, आणि पुढे होडीने किल्ल्यावर. मी नको म्हटले तर ऐकत नाहीत. तुम्ही नाही म्हणा, तुमचे ऐकतील.’’

त्या कुटुंबाच्या अनुमतीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, ही हकीकत आपणांस सांगत आहे. तीत माझी एक चूक आहे आणि ती आपल्यापैकी अनेकांच्या घरी रोज घडत असावी, म्हणून ती न झाकता सांगते.

बाबा म्हणजे निवृत्त प्राथमिक शिक्षक. वय अडुसष्ट, मधुमेह सतरा वर्षांचा, दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेले. गावात सारे त्यांना गुरुजी म्हणतात, मीही म्हणते. त्यांच्या पत्नी त्रेसष्ट वर्षांच्या. त्यांना मी वहिनी म्हणते. घरात गुरुजींच्या मातोश्री आहेत. तीन वर्षांपूर्वी न्हाणीघरात पडून त्यांच्या खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, परंतु त्या पुन्हा स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या नाहीत. आता वय अठ्ठ्याऐंशी. आणि लेकीचा मुलगा शिकण्यासाठी आजोळी असतो, तो यंदा दहावीला होता.

या तीन वर्षांत वहिनी एकही रात्र घराबाहेर राहिल्या नव्हत्या. माहेरच्या लग्नाला गेल्या त्या अक्षता पडताच परतल्या. आजींना दर दोन-तीन तासांनी कुशीवर वळवणे, भरवणे, स्वच्छ करणे हे सारे त्यांच्याकडे. गुरुजी मदत करीत नाहीत असे नव्हे, पण आजींना हाक मारायची झाली की ती सुनेलाच. तेव्हा परीक्षा संपल्यावर नातू म्हणाला, ‘‘आता मला अभ्यास नाही. एक दिवस पणजीला मी सांभाळतो. तुम्ही दोघे जा कुठेतरी.’’ हा प्रस्ताव सोळा वर्षांच्या मुलाचा होता, हे मुद्दाम नोंदवते. मोठ्या माणसांपैकी कोणालाही तीन वर्षांत तो सुचला नव्हता, मलाही नाही.

अर्नाळाच का, असे मी गुरुजींना विचारले. समुद्र तर डहाणूलाही आहे. गुरुजींचे उत्तर इतिहासाच्या तासासारखे आले. वैतरणेच्या मुखाशी असलेले हे बेट, पोर्तुगिजांकडून १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतले आणि पुढे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली. शिवाय २०२५ च्या जूनमध्ये आपल्या नौदलात दाखल झालेल्या पाणबुडीविरोधी युद्धनौकेला ‘आयएनएस अर्नाळा’ हे नाव दिले गेले. वर्गात आयुष्यभर शिकवलेला किल्ला स्वतः पाहायचा राहून गेला होता. वहिनींना विचारले, तर त्या थोडे थांबून म्हणाल्या, ‘‘मध्ये पाणी असले की बरे. हाक मारली तरी ऐकू येणार नाही.’’

हे वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेले. नंतर ते मला पुष्कळ आठवले.

मुलाला मी ‘नाही’ म्हणण्यास नकार दिला. वृद्धांना घरी बसवणे हा त्यांच्या सुरक्षिततेचा मार्ग आहे, असा समज आपल्याकडे फार खोल आहे, आणि तो बहुतेक वेळा मुलांच्या धास्तीतून येतो. बसून राहिलेल्या माणसाचे स्नायू झपाट्याने झिजतात, तोल बिघडतो, भूक मंदावते, मन खचते. ज्यांची छाती चालताना दुखते, ज्यांना बसल्या जागी धाप लागते, ज्यांना नुकताच हृदयविकाराचा किंवा अर्धांगाचा झटका येऊन गेला आहे, त्यांना मी थांबवते. इतरांच्या बाबतीत ‘जावे की नाही’ यापेक्षा ‘कसे जावे’ हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. मुलाला तसे सांगितले. तो नाराज झाला, पण जाण्यापूर्वी दोघांना तपासणीस पाठवतो म्हणाला. ‘दोघांना’ हा शब्द त्याचा होता. मी तपासले एकालाच.

गुरुजींची तयारी आम्ही कसून केली. पहिला प्रश्न गाडी चालवण्याचा. चाळिशीनंतर वाहन परवान्याच्या नूतनीकरणास नमुना १-अ हे वैद्यकीय प्रमाणपत्र लागते आणि पंचावन्नच्या पुढे परवाना पाच-पाच वर्षांचाच मिळतो. गुरुजींचे शेवटचे प्रमाणपत्र मीच दिलेले होते. ते देताना दिवसाची दृष्टी उत्तम आढळली होती, पण रात्री समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात अशी त्यांची तक्रार होती. म्हणून अट एकच घातली, सूर्यास्तापूर्वी घरी. दुसरा प्रश्न साखर एकाएकी उतरण्याचा. सकाळची जी गोळी ते घेतात ती जेवण लांबले तर साखर खाली आणते. ‘‘गोळी घरी घेऊन निघायचे आणि नाश्ता वाटेत, असे चालणार नाही. ताट समोर आल्यावरच गोळी,’’ असे बजावले. चाकामागे बसण्यापूर्वी साखर मोजायची. हात थरथरणे, दरदरून घाम, जीभ जड होणे यांपैकी काही जाणवले तर आधी गाडी कडेला घ्यायची, मग तीन चमचे साखर पाण्यातून प्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचे. सत्तरच्या खाली आकडा असताना ‘जरा पुढे हॉटेल आहे’ म्हणून गाडी रेटणे म्हणजे स्वतःच्या आणि समोरच्याच्या जिवाशी खेळ होय. साखरेची पुडी पिशवीत ठेवू नये, सदऱ्याच्या खिशात ठेवावी. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी ज्यांना दिलेली असते, त्यांनाही हेच लागू.

गुरुजी रात्री इन्सुलिन घेतात, त्यामुळे दिवसाच्या सहलीत ते नेण्याचे कारणच नव्हते. मुक्काम असेल त्यांनी मात्र ध्यानात ठेवावे. वापरात असलेली कुपी किंवा पेन सावलीत, गार जागी काही आठवडे टिकते, पण उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत ते तासाभरात नासू शकते. उलट बर्फाला चिकटून गोठलेले इन्सुलिनही टाकून द्यावे लागते. जाड कापडात गुंडाळून, बर्फाचा थेट स्पर्श होणार नाही अशा बेताने न्यावे.

आता होडी. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरून बेटावर जायला जेमतेम दहा मिनिटे लागतात, पण पाणी ओसरलेले असेल तर होडीपर्यंत गुडघाभर पाण्यातून जावे लागते आणि कोणीतरी हात देऊन वर घ्यावे लागते. गुरुजींनी यासाठी तिथी पाहून ठेवली होती. तिथीची पाऊणपट करावी, तितक्या वाजता साधारण पूर्ण भरती, हा कोकणचा जुना हिशेब आपल्यापैकी कित्येकांना पाठ असेल. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, म्हणजे नवाला पाणी उतरू लागलेले. परंतु अष्टमीच्या आसपास भांगाचे दिवस, पाण्याचा चढउतार कमी, ओढ कमी. उधाणाच्या अमावास्या-पौर्णिमेपेक्षा वृद्धांना हे बरे. मला अधिक चिंता पायांची होती. मधुमेहाने त्यांच्या तळव्यांची संवेदना बरीच गेली आहे. पाण्यात उतरताना माणूस सवयीने चपला हातात घेतो. वाळूत कालवांची धारदार शिंप असते, ती कापून गेलेली अशा पायाला कळत नाही. दुपारच्या वाळूचा चटका कळत नाही. दुसऱ्या दिवशी मोज्याला रक्त दिसते तेव्हा कळते. म्हणून मागे पट्टा असलेली सँडल पाण्यातही पायांतच ठेवायची, घरी आल्यावर पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, उजेडात तळवे पाहायचे. स्वतःला वाकता येत नसेल तर दुसऱ्याने पाहायचे.

ते दुसरे कोण, हे मी गृहीत धरले होते.

होडी लागते म्हणून उलटीची गोळी लिहून द्या, असेही गुरुजी म्हणाले. ती मी दिली नाही. प्रवासात उलटी होऊ नये म्हणून मिळणाऱ्या बहुतेक गोळ्यांनी गुंगी येते, वाहन चालवणाऱ्याने त्या घेऊ नयेत. ज्यांची पुरःस्थ ग्रंथी, म्हणजे प्रोस्टेट, वाढलेली आहे त्यांची लघवी त्यांनी तुंबू शकते आणि वयस्कर माणूस गोंधळल्यासारखा वागू लागतो. दहा मिनिटांच्या होडीसाठी हे नको.

रस्त्याबद्दल एकच गोष्ट. कैनाडहून आपण चारोटीला महामार्गाला लागतो. त्याच चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर ४ सप्टेंबर २०२२ रोजी उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या मोटारीला अपघात झाला. मागच्या आसनांवरील दोघे दगावले. त्यांनी पट्टे बांधलेले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. आपण घरातल्या वृद्धांना मानाने मागे बसवतो आणि मागे पट्टा कशाला, असे म्हणतो. नियमाने तो मागेही बंधनकारक आहे. पोटावर रुततो अशी तक्रार असेल तर खालचा पट्टा पोटावरून काढून कमरेच्या हाडांवर घ्यावा. आणि चैत्री पौर्णिमेपासून विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची यात्रा भरते, तेव्हा चारोटीला गाड्यांची जी रांग लागते ती आपण जाणताच. गुरुजींनी पाडव्यानंतरचा आणि यात्रेपूर्वीचा दिवस निवडला तो याच कारणाने.

नातवाचीही तालीम झाली, ती वहिनींनी घेतली. आधीच्या रविवारी त्या स्वयंपाकघरात बसून राहिल्या आणि सारे त्याला करू दिले. भरवताना पाठीला उशा लावून बसते करायचे, घास गिळल्याची खात्री झाल्यावर पुढचा द्यायचा, जेवणानंतर अर्धा तास आडवे करायचे नाही, नाहीतर अन्न श्वासनलिकेत जाते. कुशीवर वळवण्याच्या वेळा त्याने वहीत लिहिल्या, प्रश्नपत्रिकेचे वेळापत्रक लिहावे तशा. आजींची स्वच्छता मात्र शेजारच्या मावशींनी करायची असे ठरले. आजींचा संकोच आणि मुलाचा संकोच, दोन्ही जपणे आवश्यक होते. गोळ्या वेळेनुसार वेगवेगळ्या डब्यांत काढून ठेवल्या. काळजीवाहक एक दिवस बाहेर पडतो तेव्हा मागे राहणाऱ्याला ‘लक्ष ठेव’ एवढेच सांगून भागत नाही.

असा सारा बंदोबस्त होऊन जोडपे पावणेसहाला निघाले. त्या दिवशी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी गुरुजींचा फोन आला. मला वाटले, साखर. त्यांचा आवाज कापत होता. ‘‘डॉक्टर, ही पडली.’’

झाले होते असे. किल्ल्याची तटबंदी पाहून दोघे आतल्या अष्टकोनी तळ्याच्या काठाशी बसले होते. चारी बाजूंना खारे पाणी असताना गोड पाण्याचे तळे, म्हणून गुरुजी ते समजावून सांगत होते. वहिनी उठल्या, दोन पावले चालल्या, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि त्या खाली बसल्या त्या कलंडल्याच. सुदैवाने डोके आपटले नाही. एकदा उलटी झाली.

फोनवर मी विचारले, बोलतात का? बोलत होत्या, स्पष्ट. चेहरा वाकडा, हात उचलण्यात कमजोरी? नाही. छातीत दुखणे, जबड्यात, खांद्यात कळ? नाही. यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असते तर मी त्यांना पाणी पाजण्यातही वेळ घालवू दिला नसता. होडी, मग १०८ ची रुग्णवाहिका, हाच मार्ग होता. गुरुजींजवळचे साखर मोजण्याचे यंत्र वहिनींसाठी वापरायला सांगितले. साखर ११८. मग दरवाजाच्या सावलीत आडवे करून पाय पिशवीवर उंच ठेवायला लावले आणि विचारले, ‘‘सकाळपासून पाणी किती प्यायल्या?’’

गुरुजींनी त्यांना विचारले. उत्तर ऐकू आले नाही, पण गुरुजी काही क्षण गप्प राहिले, त्यावरून समजले. पहाटे रक्तदाबाच्या गोळीबरोबर एक घोट, आणि अर्धा कप चहा. बाटली भरलेली होती, ती तशीच परत येत होती.

बेटावर वस्ती आहे, मच्छीमारांची. तिथल्या एका बाईंनी वहिनींना आपल्या घरात नेले, पंख्याखाली निजवले, आणि पाणी देण्यापूर्वी आपणहून न्हाणीघर दाखवले. वहिनी मला नंतर म्हणाल्या, ‘‘तिने ते दाखवले तेव्हा कुठे मला पाणी प्यावेसे वाटले.’’ गुरुजींच्या पिशवीत मी दिलेले जलसंजीवनीचे पाकीट होते, त्यांच्यासाठी दिलेले. ते लिटरभर पाण्यात विरघळवून घोटघोट पाजले. तासाभरात त्या उठून बसल्या, उभे राहिल्यावर अंधारी येत नाही याची खात्री केली, दीडच्या होडीने परतल्या आणि पाचच्या आत घरी आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळची गोळी न घेता त्यांना दवाखान्यात बोलावले होते. उभे राहिल्यावर रक्तदाब अजूनही बराच उतरत होता. रक्तात सोडियम कमी निघाले. तेव्हा मी त्यांना जे प्रश्न विचारले ते आठवड्यापूर्वी विचारायला हवे होते.

त्यांच्या रक्तदाबाची गोळी ही जोडगोळी आहे, तीत लघवी वाढवणारे औषध असते. अशी गोळी पुष्कळांना असते आणि ती चांगली आहे, पण तिच्यामुळे तासा-दोन तासांनी जावे लागते. प्रवासात स्त्रिया त्यावर दोन उपाय योजतात. एक तर गोळी चुकवतात, नाहीतर गोळी घेऊन पाणी बंद करतात. वहिनींनी दुसरा योजला. शरीरातून पाणी जात राहिले, आत काही आले नाही, वर मार्चअखेरचे दमट ऊन. वयाबरोबर तहानेची जाणीवही बोथट होते, त्यामुळे घसा कोरडा पडेपर्यंत शरीर फार मागे गेलेले असते.

मी म्हटले, ‘‘एक दिवस पाणी कमी झाल्याने सोडियम इतके उतरत नाही. घरी किती पिता?’’ तेव्हा खरी गोष्ट निघाली. घरीही त्या कमीच पितात. तीन वर्षे. ‘‘मी न्हाणीघरात असले आणि आजींनी हाक मारली तर?’’ उन्हाळ्यात वर्षातून दोनदा लघवीची जळजळ होते, औषधाच्या दुकानातून गोळ्या आणून बरी होते, हेही तेव्हाच कळले. जेवण उभ्याने, तेही मीठ कमी केलेले, कारण गुरुजींसाठी आळणी रांधायचे ते साऱ्या घरालाच. सोडियम खाली जाण्यास त्यांच्या वयाच्या स्त्रीला ही गोळी आणि असे जेवण पुरेसे असते. गोळी मी बदलली.

आता माझी चूक. सतरा वर्षे वहिनी गुरुजींसोबत दर महिन्याला दवाखान्यात येत आहेत. गुरुजींचा केसपेपर जाडजूड आहे. वहिनींच्या रक्तदाबाची नोंद मी त्याच कागदाच्या कडेला करीत असे, ‘पत्नी १५०/९०’, ‘पत्नी औषध तेच’. प्रवासाच्या तयारीच्या दिवशीही त्या शेजारच्या खुर्चीवर बसून गुरुजींना दिलेल्या सूचना लक्षात ठेवत होत्या. मी त्यांच्याकडे पाहूनच सर्व सांगितले, कारण गुरुजी विसरतात. त्यांना स्वतःला काही विचारावे हे मला सुचले नाही. रोग्याची तयारी झाली, सोबत जाणाऱ्याची राहिली.

म्हणून आपण प्रवासाला निघणार असाल आणि आपण ‘सोबत’ असाल, तर डॉक्टरांपुढे रोग्याची फाईल ठेवल्यावर आपलीही गोळी दाखवा. तीत लघवी वाढवणारे काही आहे का, हे विचारा. रक्तदाबाच्या जोडगोळ्यांत असते, पायांवर सूज येणाऱ्यांच्या औषधात असते, आणि साखर लघवीवाटे बाहेर टाकणाऱ्या मधुमेहाच्या नव्या गोळ्यांनीही तसेच होते. असेल तर त्या दिवशी ती मुक्कामी पोहोचल्यावर घेता येईल का, हे डॉक्टर सांगतील. कित्येकदा चालते, परंतु हृदय अशक्त असलेल्यांनी परस्पर ठरवू नये. ज्यांना हृदयासाठी किंवा मूत्रपिंडासाठी पाणी मोजून सांगितले आहे त्यांनी मापही आधीच विचारून घ्यावे.

इतरांनी प्रवासाच्या दिवशी पाणी बंद करू नये, वाटेतल्या जागा आधी ठरवाव्यात. महामार्गावर पेट्रोलपंप आहेत, बरी हॉटेले आहेत. ‘लागली की थांबू’ हा पुरुषांचा नियम आहे. स्त्रिया लागली तरी सांगत नाहीत, गाडी चालवणारा रागावेल म्हणून. त्यापेक्षा तासा-सव्वातासाने गाडी थांबणारच, असे ठरवून टाकावे. पायही मोकळे होतात, पोटऱ्यांत रक्त साकळण्याचा धोकाही कमी होतो. उतरायचेच आहे म्हटल्यावर घोटभर पाणी प्यायला कोणी घाबरत नाही. आणि बेटावर, किल्ल्यावर, देवळात पोहोचल्यावर पहिली चौकशी दर्शनाच्या रांगेची न करता स्वच्छतागृहाची करावी. यात लाजण्यासारखे काय आहे, हे मला डॉक्टर होऊन इतकी वर्षे झाली तरी कळलेले नाही, पण लाज आहे ही गोष्ट खरी.

जलसंजीवनीबद्दल थोडे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचे पाकीट घ्यावे आणि ते पूर्णच्या पूर्ण त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात एकदम मिसळावे. पेल्यात चिमूटभर टाकून पिण्यात अर्थ नाही. खोक्यातून मिळणारी गोड पेये तिच्या नावाने विकली जात असत. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर ‘ओआरएस’ हे शब्द छापण्यास मनाई केली. मधुमेह्यांनी ही खूणगाठ बांधावी, त्या पेयांत साखरच फार असते.

त्या दिवशी घरी काय झाले, हे सांगायचे राहिले. नातवाने एकच चूक केली, दुपारची कुशीची वेळ अर्ध्या तासाने चुकली, आणि त्याने ती वहीत लाल शाईने नोंदवली. वहिनी परत आल्या तेव्हा आजींनी त्यांना विचारले, ‘‘इतक्या लवकर कशाला आलीस?’’ मुलगा बोईसरहून संध्याकाळी धावत आला होता, जाब विचारण्याच्या तयारीने. आईला पंख्याखाली निजलेली पाहून तो काही बोलला नाही. आता तो महिन्यातून एक रविवार कैनाडला येऊन आजीजवळ बसतो. एक रविवार थोडा आहे, हे मी त्याला सांगितले आहे.

परवा वहिनी रक्त तपासणीचा कागद घेऊन एकट्याच आल्या. सोडियम सुधारले आहे. मी कोरा केसपेपर काढला आणि पूर्ण नाव विचारले. त्यांनी सवयीने गुरुजींचे सांगितले.

‘‘तुमचे, वहिनी.’’

त्या हसल्या, पदर सावरला आणि माहेरचे नाव धरून सगळे सांगितले. मी लिहून घेतले.